भवानीचा हात

बापूसाहेबांनी कानटोपीचा उजवा कान वर सरकवला, वांगं तिथे धरलं आणि डोळे मिटले.

टोपल्यामागे बसलेली मैनाबाई गप्प राहिली. वकीलसाहेब वांगं ऐकत असले की मधे बोलायचं नाही, हे तिला बारा वर्षांच्या सवयीनं कळलं होतं. शेजारी बसलेल्या पुंजारामला खोकला आला, तो त्यानं उपरण्याच्या टोकात दाबला. मोर्णा नदीवरून गार वारा येत होता आणि बाजारात आलेल्या बंड्यांचे बैल अजून सोडायचे होते.

"काय म्हनते जी?" अखेर मैनाबाईनं विचारलं.

"कोण?"

"वांगं."

"संशयास्पद आहे," असं म्हणून बापूसाहेबांनी वांगं टोपल्यात परत ठेवलं.

बापूसाहेब पाठकांनी अकोल्याच्या कोर्टात एकतीस वर्षं वकिली केली. दोन वर्षांपूर्वी ती सोडली, कारण न्यायाधीश काय बोलतात ते त्यांना नीट ऐकू येईना. एकदा तर खटला जिंकल्यावरही ते पुढची दहा मिनिटं युक्तिवाद करत राहिले आणि न्यायाधीशांनी त्यांना हाताच्या खुणेनं खाली बसवलं. पण ज्या कानांना न्यायाधीश ऐकू येत नव्हते, त्याच कानांना वांग्यातली आळी ऐकू येते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. आळी आत पोखरत असते तेव्हा बारीक करकर होते, असं ते सांगत. त्याआधी देठ, रंग, वजन आणि अंगठ्याचा दाब अशा चार परीक्षा असत. कानाची परीक्षा शेवटची, आणि तिच्यावर अपील नव्हतं.

कोर्ट सुटलं तेव्हापासून बापूसाहेबांना आठवड्यात एकच दिवस उरला होता, तो म्हणजे शनिवार. रविवार ते शुक्रवार ते वर्तमानपत्र वाचत, दुपारी झोपत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून शनिवारची वाट पाहत. शनिवारी पहाटे पाचला उठून कोट चढवत. बाजारात जाऊन उलटतपासणी करत, भाव पाडत आणि भरलेली पिशवी घेऊन असे घरी येत, की गल्लीतल्या लोकांनी बाजूला व्हावं.

आणि आज तो शनिवारच पणाला लागला होता.

त्याचं मूळ मागच्या वर्षीच्या चंपाषष्ठीत होतं. चातुर्मासात पाठकांच्या घरी वांगं शिजत नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच मोसमातलं पहिलं वांगं तोंडात घालायचं, असा रिवाज. त्या जेवणाला गोदावरीबाईंचे धाकटे भाऊ उद्धवराव नांदगाव खंडेश्वरहून मुद्दाम येत. मागच्या वर्षी भाजण्याआधी गोदावरीबाई वांग्यांना चीर देऊन पाहू लागल्या, तेव्हा बापूसाहेबांनी त्यांचा हात धरला. "मी पारखून आणलेल्या वांग्यांना चीर? हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणाले. तासाभरानं उद्धवरावांच्या पानात आळी निघाली. चांगली भाजलेली होती. उद्धवरावांनी ती वर्षभर चार लग्नांत, दोन मुंजींत आणि एका तेराव्याला सांगितली, आणि दर वेळी ती थोडी लांब होत गेली.

आज चंपाषष्ठी नेमकी शनिवारी आली होती. पिशवी हातात देताना गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "आज जर का काही निघालं, तर पुढच्या शनिवारपासून बाजार बुधाजी करील."

बुधाजी हा घरचा जुना गडी. त्याला दुधी आणि भोपळा यांतला फरक दाखवून द्यावा लागे.

म्हणून बापूसाहेब आज वांगं घेत नव्हते. एरवी ते सरळ मैनाबाईकडे येत, घासाघीस करून शेर-दीड शेर घेत, मग पुंजारामकडच्या मिरच्या, सत्यभामेचा मुळा असं करत पावणेसातला मोकळे होत. आज मात्र मैनाबाईची अकरा वांगी ऐकून झाली आणि एकाचाही त्यांना भरवसा वाटेना. ते उठले, गुडघे झटकले आणि पुंजारामच्या टोपल्यासमोर बसले.

पुंजारामनं लगबगीनं ओलं फडकं बाजूला केलं; चंपाषष्ठीसाठी आज साऱ्या ओळीनं वांगीच आणली होती. बापूसाहेबांनी देठापासून सुरुवात केली.

मैनाबाईचा चेहरा उतरला. तेवढ्यात पोस्टमास्तर महादेवराव रिकामी पिशवी घेऊन तिच्यापुढे उभे राहिले.

"मैनाबाई, दोन शेर टाक लवकर. घरी पाहुणे बसलेत."

"थांबा जरा साहेब. भवानी व्हाची हाये."

"मग कर की माझ्या हातानं! मी काय उधार मागतोय?"

"तुमच्या हातानं?" मैनाबाईनं दोन्ही हात टोपल्यावर आडवे धरले. "दिवाईच्या बाजारात तुमच्या हातची भवानी केलती, तं सारे कारले वापस नेले म्या. आठ दिवस घरात कारलंच खाल्लं. वकीलसाहेबाले घेऊ द्या पयले."

महादेवराव पुंजारामकडे वळले. तो वकीलसाहेबांत गुंतला होता. मग ते सत्यभामेकडे गेले, तिच्यापुढच्या सुभद्रेकडे गेले. सगळीकडे तेच. वकीलसाहेब आज मैनाबाईकडून न घेताच उठले, ही बातमी त्यांच्या आधी ओळीच्या टोकापर्यंत पोचली होती. म्हणजे आज त्यांच्या हातची भवानी, दिवसाची पहिली विक्री, कोणालाही लाभू शकत होती. ज्याच्या त्याच्या टोपल्यावर फडकं होतं आणि फडक्यावर हात होता.

बापूसाहेबांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. एक कान कानटोपीत होता, दुसऱ्यात वांगं.

सात वाजून गेले. चंपाषष्ठीच्या सकाळी, वांग्यांचे ढीग लागलेले असताना, त्या ओळीत एकही वांगं विकलं गेलं नव्हतं. बापूसाहेब पुंजारामकडून उठून सत्यभामेकडे गेले, तिच्याकडून सुभद्रेकडे, आणि त्यांच्या मागोमाग रिकाम्या पिशव्या घेतलेली पंचवीस-तीस माणसं सरकत राहिली. मान वळवली तेव्हा बापूसाहेबांना ती दिसली. त्यांना बरं वाटलं. लोकांना अजून शिकायची हौस आहे, असं त्यांच्या मनात आलं.

"आधी देठ पाहावा," वांगं उंच धरून ते म्हणाले. "देठ हा पहिला साक्षीदार. तो हिरवा असला म्हणजे खरं बोलतो असं नाही, पण वाळलेला असला तर नक्की खोटं बोलतो."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसला, थंडी असूनही.

"दुसरं वजन. जड वांग्यात बिया असतात. माणसाचं आणि वांग्याचं इथे जमत नाही, पण वांग्यात हलकेपणा हाच गुण..."

"बापूसाहेब!" महादेवराव पुढे आले. त्यांचा आवाज भीक नको पण कुत्रा आवर म्हणणाऱ्या माणसाचा होता. "अहो, घ्या काहीतरी एकदाचं! कसलंही घ्या! आमच्या घरी निखारे विझत आले!"

"महादेवराव, ही पारख आहे. घाई करून चालत नाही."

"तुमच्या पारखीसाठी नाही थांबलो आम्ही!"

"मग?"

महादेवराव बोलायला गेले आणि थांबले. शेजार होता, रोज ओट्यावर भेट होणार. त्यांनी मैनाबाईकडे पाहिलं. मैनाबाईला असली अडचण नव्हती. ती टोपलं तसंच सोडून कमरेवर हात ठेवून आली.

"वकीलसाहेब, तुमची पारख कोन पाहून राह्यलं? आमाले तुमचा हात पाह्यजे."

"हात?"

"भवानीचा हात. तुमी पयलं घेतलं का टोपलं दुपारच्या आत रिकामं होते. दुसऱ्या कोनी घेतलं का दिवस बुडेपर्यंत बसा माश्या मारत. साऱ्या बाजाराले ठावं हाये. तुमाले नाई का ठावं?"

बापूसाहेबांनी कानटोपी पूर्ण काढली.

"आणि भाव? बारा वर्षं मी भाव कमी करून घेतो, तो?"

"भवानीच्या गिऱ्हाइकाले कोनी वापस धाडते का जी? तुमी मांगसान त्या भावात द्या लागते."

"मग मी एवढं बोलतो ते?"

"थे आमी आयकतो ना," मैनाबाई मनापासून म्हणाली. "बरं वाटते. सकायी सकायी आमच्यासंग कोनी इतकं बोलत नाई."

"अन् वांगी? तुझ्याकडची वांगी मी निवडून नेतो की नाही?"

मैनाबाईनं पुंजारामकडे पाहिलं. पुंजारामनं बैलांकडे पाहिलं.

"निवडता तुमी," ती म्हणाली. "पन कानाले लावून जे वापस ठेवता, थे चांगलं राह्यते बहुतेक."

मागे कोणीतरी हसलं. बापूसाहेबांना ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. एकतीस वर्षांत एकाही साक्षीदारानं त्यांचा खटला असा उलटवला नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. शनिवारच्या त्या सगळ्या सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. जिंकलेला प्रत्येक खटला प्रतिपक्षानं आधीच सोडून दिलेला होता.

ते मैनाबाईच्या टोपल्याशी गेले. न पाहता एक वांगं उचललं आणि आणा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो कपाळाला लावला. मग ते पुंजारामकडे गेले, सत्यभामेकडे, सुभद्रेकडे, असे ओळीच्या टोकापर्यंत. प्रत्येकाकडून एकेक वांगं, नजर समोर नदीकडे. ते शेवटच्या टोपल्याशी पोचले तेव्हा मागे बांध फुटल्यासारखी गर्दी उसळली होती आणि महादेवराव दोन्ही कोपरांनी वाट काढत होते.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. वांगी अकरा होती आणि त्यांतल्या कुठल्याच दोघांचं एकमेकांशी नातं नव्हतं. एक लांबट, एक काटेरी, एक हिरवं, एक लहान मुलाच्या डोक्याएवढं.

गोदावरीबाईंनी पिशवीत पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग विळी पुढे ओढली. चीर देऊ नका असं या वर्षी कोणी म्हणालं नाही.

बारा वाजता नैवेद्य झाला. उद्धवराव पाटावर बसले, भरताचा घास घेण्याआधी त्यांनी तो बोटानं सारवल्यासारखा पानभर पसरला आणि वाकून पाहिला.

"काय शोधतोस रे?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"ओळखीचं कोणी भेटतं का पाहतो. मागच्या साली भेट झाली होती."

बापूसाहेब खाली मान घालून रोडगा चुरत होते. उद्धवरावांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं आणि बोटं चाटत म्हणाले, "नाही तं नाही, ताई. यंदा काहीच नाही. असं भरीत मी तं आमच्या मळ्यातल्या वांग्याचंही खाल्लं नाही."

"निघणार कसं?" गोदावरीबाई तूप वाढत म्हणाल्या. "पारखून आणलीत त्यांनी."

बापूसाहेबांना ठसका लागला. उद्धवरावांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. ते मनानं वाईट नव्हते.

हात धुवायला बापूसाहेब मागच्या दारी गेले. मोरीजवळ केराची टोपली होती, तिच्यात कांद्याची पात होती आणि पातीखाली चिरलेली वांगी. त्यांनी वाकून पात बाजूला केली. पाच होती. प्रत्येकात आळी होती, एकात दोन.

गोदावरीबाई हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन मागेच आल्या होत्या.

"ही?"

"किडकी."

"मग तू उद्धवासमोर तसं का म्हणालीस?"

"त्याला वर्षभर पुरेल एवढं मागच्या वर्षी दिलंय आपण. दर वर्षी काय द्यायचं?" त्यांनी पाण्याची धार धरली. बापूसाहेबांनी हात पुढे केले नाहीत. पाणी दगडावर सांडत राहिलं.

"मी आज पाहिलीच नाहीत वांगी," ते म्हणाले. "डोळे मिटून घेतली. बाजारात मला कळलं, की..."

"की त्यांना तुमचा हात हवा असतो."

बापूसाहेबांनी चमकून मान वर केली.

"बुधाजीनं सांगितलं होतं. सहा वर्षं झाली त्याला."

"सहा वर्षं! आणि तू बोलली नाहीस?"

"शनिवारी बाजारातून येता तेव्हा तुम्ही हायकोर्टात अपील जिंकून आल्यासारखे दिसता. इतका आनंद दुसऱ्या कशानं होत नाही तुम्हाला. मी कशाला मोडू?" मग त्यांना बरोबर वाटलं नाही म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "किडकी मी काढून टाकत होतेच."

आता बापूसाहेबांनी हात पुढे केले. बराच वेळ धूत राहिले. धुऊन झाल्यावर ते उजव्या हाताकडे उलटंपालटं करून पाहू लागले, जणू तो कोणीतरी त्यांच्याकडे ठेवायला दिला होता.

"निकाल तो निकाल," ते म्हणाले. "आळी निघाली. पुढच्या शनिवारपासून बुधाजी जाईल."

"बुधाजीच्या हातची भवानी चालते का त्यांना?"

"चालत नसावी."

"मग हात न्यावा लागेल ना."

"हात गेला तरी वांगी कोण बघणार?"

"मी बघीन," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्या पालथा घातला. "वडिलांच्या मळ्यात वाढले आहे मी. लांबून सांगीन कुठलं किडकं ते. पण बत्तीस वर्षं झाली, या घरातली भाजी मी पिशवीतून बाहेर पडतानाच पाहते आहे. बाजार कसा असतो ते मला कोणी दाखवलंच नाही."

हे त्या रागानं बोलल्या असत्या तर बापूसाहेबांना उत्तर सुचलं असतं. पाठकांच्या घरातल्या बायका बाजारात जात नाहीत, असा एक नियम होता खरा. तो कोणी केला, ते त्यांना आठवेना. तो मोडावा असं आपल्या मनात आजवर कधी आलं नाही, हे मात्र आठवलं, आणि ते पुन्हा एकदा शरमले.

"साडेपाचला निघावं लागतं," ते म्हणाले.

"मी साडेचारला उठते," गोदावरीबाई म्हणाल्या. "एकोणीसशे पंचवीसपासून."

पुढच्या शनिवारी गल्लीतली पहिली दारं उघडत होती तेव्हा बापूसाहेब कोट घालून पुढे आणि गोदावरीबाई अंगावर शाल घेऊन दोन पावलं मागे, असे दोघं निघाले. चौकापर्यंत पावलं दोन होती. नदीशी आल्यावर ती उरली नाहीत, कारण टोपल्यांच्या ओळी दिसताच गोदावरीबाई भराभर चालू लागल्या आणि बापूसाहेबांना त्यांना गाठावं लागलं.

मैनाबाईनं दोघांना पाहिलं आणि ती उठून उभी राहिली.

"माय वं! बाईलेच घेऊन आले का?"

"हात माझा," बापूसाहेब म्हणाले. "डोळे हिचे."

गोदावरीबाई टोपल्याशी उकिडव्या बसल्या. त्यांनी कशालाही हात लावला नाही. "ते नको. ते वरचं नको. त्याच्या खालचं, ते द्या. ते कोपऱ्यातलं. ते देठाजवळ छिद्र आहे ते काढून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू नका." मैनाबाई मुकाट्यानं देत गेली. पुंजारामनं शेजारी बसल्या बसल्या आपल्या टोपल्यातली तीन वांगी गुपचूप मागे टाकली. दोन मिनिटांत पिशवी भरली आणि बापूसाहेब पैसे द्यायला खिशात हात घालू लागले.

मागे महादेवराव पिशवी घेऊन उभे होते. आज सगळं वेळेवर होतंय हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं होतं.

"चला," बापूसाहेब म्हणाले. "झालं ना?"

गोदावरीबाई उठल्या नाहीत. त्या ओळीकडे पाहत होत्या, मुळ्यांच्या जुड्या, बंड्या, बैल, नदीवरचं धुकं. मग त्यांनी टोपल्यातलं एक वांगं उचललं, शाल कानावरून मागे सारली आणि वांगं कानाशी धरून डोळे मिटले.

बापूसाहेबांचा हात खिशातच राहिला. मैनाबाईनं तोंडाला पदर लावला.

"काय म्हणतंय?" बापूसाहेबांनी हळूच विचारलं.

"तुम्ही गप्प बसा जरा," गोदावरीबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ऐकू द्या."

महादेवरावांनी रिकामी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावरच ते बसले.